उन्हाची साखर

द्राक्षांच्या मुलखातलं एखादं उन्हात न्हालेलं गाव पाहावं, अशी हौस अनेकांना असते. ऐपत असेल तो फ्रान्स-इटलीला जातो, बाकीचे नाशिक गाठतात. तिथे ऊन पाहण्यासाठी माणसं पैसे मोजतात. आमच्या वाटूर फाट्यावर ते फुकट मिळतं. जालन्याहून येणारा रस्ता इथे परतूर आणि मंठ्याकडे फुटतो. एप्रिलच्या दुपारी डोक्याला उपरणं गुंडाळून एसटीची वाट पाहणाऱ्याला त्या उन्हाचं कौतुक सांगून बघा!

पण याच जालना जिल्ह्यात, जालना तालुक्यात, कडवंची हे गाव आहे. ऊन तेच, पाऊसही तसाच बेभरवशाचा. तरी गावाची ओळख द्राक्षांवर आहे. एप्रिलमध्ये तिथे वेलींची खरड छाटणी होते. नव्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड तयार होतो तो याच उन्हाळ्यात. त्या दिवसांत आभाळ फार काळ झाकोळलेलं राहिलं, तर ऑक्टोबर छाटणीनंतर काडीतून नुसता पाला निघतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मण्यात उतरणारी साखर ऊनच घडवतं. ज्या उन्हाला आपण शिव्या घालतो, त्यातच पुढच्या वर्षाचं पीक आकार घेत असतं.

अर्थात, नुसत्या उन्हाने वेल जगत नाही, वाळते. कडवंचीत 1996 पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचं काम झालं. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आणि जलसंधारणातले जाणकार विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली गावकऱ्यांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खोदले, बांध घातले, नाले अडवले. पुढे शेततळी आली. 2012-13 च्या दुष्काळात जालना होरपळत असताना कडवंचीच्या बागा तग धरून होत्या. उन्हाळा त्या गावाला चुकला नव्हता; पावसाळ्यात अडवलेलं पाणी उन्हाळ्यात कामी आलं होतं.

आपल्या वाट्याचं ऊन कुणाला टळत नाही. घरातलं आजारपण, हातचं गेलेलं काम, जवळच्या माणसाचं दुरावणं, हे ठरवून येत नाही. त्यातून कुणी कडवट होतो, कुणी गोड. दोष किंवा श्रेय आपण उन्हालाच देऊन मोकळे होतो. खरा फरक त्याआधी पडलेला असतो: चार चांगले दिवस आले तेव्हा आपण काय अडवलं, काय वाहून जाऊ दिलं? माणसं जोडली का, दोन पैसे राखले का, शरीर सांभाळलं का? संकटात नव्याने चर खोदता येत नाहीत.

द्राक्षं पाहायला नाशिकला जरूर जा. जमलं तर कडवंचीलाही या. मात्र आधी शेततळं बघा, मग बाग.