दोराचे दुसरे टोक

धैर्याची स्तुती आपण जरा सैल हाताने करतो, असे मला नेहमी वाटत आले आहे. सहाव्या मजल्याबाहेर, दोराला टांगलेल्या फळीवर बसून भिंत रंगवणारा माणूस दिसला, की खालून जाणारे दोघेचौघे मान वर करून म्हणतात, "काय छाती आहे बुवा!" या उद्गारात कौतुक असते, तशी आपली सुटकाही असते. त्याची छाती मोठी ठरली, की त्याच्या अंगावर पट्टा का नाही, हे विचारायचे आपल्याला कारण उरत नाही.

निसर्ग मात्र छाती मोजीत नाही. वरून सुटलेली वस्तू पहिल्या सेकंदात १६ फूट खाली येते आणि दोन सेकंद पुरे होताना ६४ फूट. सहा मजल्यांची उंची साधारण एवढीच. सवय, अनुभव, चपळाई यांना मध्ये शिरायला तेवढ्यात जागा कुठली? जे करायचे ते पाय घसरण्यापूर्वीच करून ठेवावे लागते. नीतीचा प्रश्न उभा राहतो तो इथे: ते करून ठेवायचे कोणी?

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या इमारतीला बाहेरून रंग द्यायचा होता. सभेत पट्ट्यांचा विषय निघाला. कंत्राटदार हसून म्हणाला, "आमची पोरं सवयीची आहेत, साहेब. आणि पट्टे दिले तरी घालत नाहीत."

तेव्हा तळमजल्यावरच्या आजींनी विचारले, "घातले, तर त्याचा दोर बांधणार कशाला?"

सगळे गप्प झाले. गच्चीवर पाण्याचे नळ आणि गंजका कठडा यांखेरीज काही नव्हते. अमेरिकेतला नियम असा, की ज्या आधाराला दोर अडकवायचा त्याने एका माणसामागे ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो भार सोसला पाहिजे. पडणारा माणूस आपल्या वजनाच्या कितीतरी पट हिसका देतो. तो हिसका नुसत्या कमरेवर आला तर पोट आणि मणका दुखावतो. म्हणून मांड्या, छाती आणि खांदे यांवर तो वाटून घेणारा पट्टा आता वापरतात. एवढे करूनही लोंबकळणाऱ्या माणसाचे रक्त पायांत साकळू लागते. त्याला काही मिनिटांतच खाली घ्यावे लागते. म्हणजे पट्टा ही एकट्याने नेसायची वस्तूच नव्हे. त्याला भक्कम आधार लागतो आणि धावून येणारा दुसरा माणूस लागतो.

पण "ज्याची वेळ भरली तो जाणार," असे म्हणणारे आमच्यातही होते. आपण ज्याला नशीब म्हणतो, त्याला इतरांनी हिशेब म्हटले आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे काम १९३३ साली सुरू झाले, तेव्हा दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक माणूस जायचाच, असे बांधकामवाले धरून चालत. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस याने १,३०,००० डॉलरहून अधिक खर्चून पुलाखाली जाळे पसरले. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक अवजड परांची कोसळून ते फाटले आणि दहा जण मेले. माणसाची योजना अशी अपुरी पडते, हे खरेच. पण त्याच जाळ्यात पडून एकोणीस माणसे वाचली. त्यांची वेळ भरली होती की नव्हती? तू सावध होतास का, असे जाळ्याने कोणालाच विचारले नाही. घसरलेल्या पायाला देहदंड नको, एवढेच त्याचे म्हणणे.

राहिला कंत्राटदाराचा दुसरा मुद्दा. तो अर्धा खरा आहे. काम उक्ते दिले, फुटावर पैसे ठरले, आणि वसुबारसेच्या आत पुरे करायची अट घातली, की कडी सोडून पुन्हा अडकवण्यात गेलेला प्रत्येक क्षण रंगाऱ्याच्या मजुरीतून कापला जातो. घाई आपण विकत घ्यायची आणि निष्काळजी त्याला म्हणायचे, हा कुठला न्याय?

आमच्याकडे गच्चीच्या खांबांना लोखंडी कड्या बसल्या, रंगाऱ्यांना रोजंदारी ठरली आणि काम पंधरा दिवस लांबले. पणत्या लागल्या त्या अर्ध्या रंगवलेल्या भिंतीपुढे. काहींना ते फार लागले. पाहुण्यांना काय सांगायचे, असे ते म्हणत.

पाहुण्यांना खरे ते सांगावे. दोराचे एक टोक रंगाऱ्याच्या अंगाला असते; दुसरे ज्याचे घर आहे त्याने बांधून द्यायचे असते. पुढच्या वर्षी रंगाचा दर विचारण्याआधी आपण सर्वांनी एकदा गच्चीवर जाऊन, ते कशाला बांधता येईल, हे पाहून यावे.