मास्तर कोणाचे?

झाशीजवळच्या बिजौलीत एका दिवंगत शिक्षकाच्या वर्षश्राद्धास आम्ही गेलो होतो. जो तो त्यांचे गुण आठवीत होता. एवढ्यात नातू हळूच म्हणाला, "आजोबा साऱ्या गावाचे होते, आमच्या वाट्याला ते दिवे लागल्यावर येत." त्या शब्दांनी आम्हांस विचारात पाडले.

झाशीचेच मास्तर रुद्रनारायण घ्या. १९२५ च्या काकोरी प्रकरणानंतर भूमिगत झालेल्या चंद्रशेखर आझादांना त्यांनी आपल्या घरी, बायकामुलांत आसरा दिला. सदाशिवराव मलकापूरकर व विश्वनाथ वैशंपायन हे झाशीचे मराठी तरुणही आझादांचे सहकारी झाले. मास्तरांचे धैर्य वंद्य खरेच. पण पोलीस दाराशी आले असते, तर भोगावे साऱ्या घरास लागले असते. दान मास्तरांच्या नावावर जमा झाले. त्यात घरच्यांचाही वाटा होता.

म्हणून शिक्षकाने कुटुंब थोर मानावे की समाज, हा वाद आम्हांस गौण वाटतो. खरा प्रश्न घेणाऱ्यांचा आहे: गुरूचे ऋण मानताना त्याच्या घराचे ऋण आपण मानतो काय?

निघताना आम्ही त्या नातवाच्या आजींना वाकून नमस्कार केला. तोवर त्यांच्याकडे आमचेही लक्ष गेले नव्हते.