प्रार्थनेची बेरीज

प्रार्थनेचे फळ संख्येने मोजता येते का, हा प्रश्न फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७२ मध्ये इंग्लंडात उपस्थित केला आणि ज्यांच्या दीर्घायुष्यासाठी नित्य सार्वजनिक प्रार्थना होते ते राजेच अल्पायुषी ठरतात, असे आकडेवारीने दाखवले. पुढे हाच प्रश्न यादृच्छिक चाचण्यांकडे, म्हणजे कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे केवळ योगायोगावर सोडणाऱ्या प्रयोगांकडे, गेला. १९८८ मध्ये रँडॉल्फ बर्ड यांना ३९३ हृदयरुग्णांत प्रार्थनेला अनुकूल असे काही दिसले, तर २००६ मध्ये हर्बर्ट बेन्सन यांच्या १,८०२ रुग्णांच्या चाचणीत असे अनुकूल काहीच दिसले नाही.

असे परस्परविरोधी निष्कर्ष एकत्र तोलण्याच्या संख्याशास्त्रीय रीतीला मेटा-ॲनालिसिस म्हणतात. तीत अनुकूल आणि प्रतिकूल चाचण्यांची नुसती मोजदाद होत नाही. ज्या चाचणीचा अंदाज अधिक नेमका, म्हणजे ज्याचे प्रचरण (चढउताराचे माप) कमी, तिला अधिक भार मिळतो, आणि एकत्रित अंदाजाभोवती विश्वासांतर, म्हणजे खरे मूल्य ज्या मर्यादांत असण्याचा संभव मानला जातो तो पट्टा, काढला जातो. दोन गटांतील धोक्यांच्या गुणोत्तराचा हा पट्टा १ या आकड्याला सामावून घेत असेल, तर फरक सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. वैद्यकीय चाचण्यांचे असे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या प्रार्थनेवरील २००९ च्या आढाव्यात १० चाचण्या व ७,६४६ रुग्ण होते. एकंदरीत लक्षणीय फरक आढळला नाही.

परंतु बेरीज करण्यापूर्वी बेरजेच्या वस्तू एकजातीय आहेत का, हे पाहावे लागते, आणि खरा तात्त्विक पेच येथेच आहे. चाचण्यांमधील अशा भेदाला विषमजातीयता म्हणतात व ती मोजण्याची सूत्रेही आहेत. मात्र बेन्सन यांच्या प्रयोगात अनोळखी ख्रिस्ती गटांनी रुग्णाचे पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर घेऊन केलेली ठरीव प्रार्थना आणि त्याच रुग्णाच्या आईने केलेला धावा यांतील अंतर कोणते सूत्र मोजणार? ज्यांच्यासाठी ही ठरीव प्रार्थना झाली नाही त्या गटातील रुग्णांच्या आप्तांना प्रार्थना करण्यास कोणी मनाई केली नव्हती, म्हणून प्रार्थनाविरहित गट असा काही नव्हताच. गीतेने आर्त भक्ताला भक्तांच्या चार प्रकारांत स्थान दिले आहे, पण त्याच्या आर्ततेची मात्रा ठरवलेली नाही.

लिओनार्ड लेबोविसी यांनी २००१ मध्ये हा पेच टोकाला नेला. १९९० ते १९९६ या काळात रुग्णालयात रक्तातील संसर्ग आढळलेल्या ३,३९३ रुग्णांची २००० साली विभागणी करून एका गटासाठी त्यांनी तेव्हा, म्हणजे उपचार कधीच संपल्यावर, प्रार्थना करवली, आणि त्या गटाचा ताप व रुग्णालयातील मुक्काम कमी भरला! शास्त्रीय चौकटीत न बसणारे प्रश्न विचारू नयेत, हे दाखवणे हा आपला हेतू होता, असे त्यांनी पुढे स्पष्ट केले. तरीही ही चाचणी कॉक्रेनच्या बेरजेत शिरली आणि त्यावर टीका झाली. ती टीका रास्त होती.

नव्य न्याय या भारतीय तर्कपरंपरेचे आचार्य गंगेश यांनी भूयोदर्शन, म्हणजे दोन गोष्टी वारंवार एकत्र दिसणे, एवढ्याने व्याप्तीचे, म्हणजे त्यांच्यातील नियत संबंधाचे, ज्ञान होते हे मत नाकारले होते. मेटा-ॲनालिसिस हे भूयोदर्शनाचेच काटेकोर रूप आहे. ते अंदाजाचा नेमकेपणा वाढवते, पण प्रश्नाला अर्थ देण्याचे काम त्याच्या कक्षेबाहेरचे आहे. कॉक्रेनच्या आढाव्याच्या लेखकांनीही अखेरीस या विषयावर आणखी चाचण्या करण्याऐवजी ती साधनसामग्री आरोग्यसेवेतील इतर प्रश्नांसाठी वापरावी, असेच मत नोंदवले.