भात कोण शिजवतं?

मराठीत भात करपतो, तो सहसा कोणी करपवत नाही. तो मोकळा झाला, शीत न् शीत सुटं झालं, तर मात्र ‘मी केलाय’ असं लगेच कानावर येतं. कर्तेपणाची ही सोयीस्कर वाटणी आपल्या स्वयंपाकघरात इतकी मुरली आहे, की तिच्याकडे लक्ष जायला विजेवर चालणारा प्रेशर कुकर ओट्यावर यावा लागतो. तांदूळ धुऊन घातले, पाणी मोजलं, झाकण फिरवलं, बटण दाबलं. पुढे शिट्ट्या मोजणं नाही, गॅस बारीक करणं नाही, उतू जाण्याची धास्ती नाही. काही वेळाने यंत्र टुणटुण वाजतं आणि भात झालेला असतो. पहिल्यांदाच शिकणाऱ्याच्या मनात तेव्हा जो प्रश्न येतो, तो वरकरणी गमतीचा असला तरी फार जुना आहे : हा भात मी केला का? ‘स्वयंपाक’ या शब्दातला ‘स्वयं’ नेमका कोण?

संस्कृत व्याकरणकार पाणिनीने कर्त्याची व्याख्या एका शब्दात केली : स्वतंत्र. त्यानंतर काही शतकांनी पतंजलीने पाणिनीवरच्या महाभाष्यात कारकांची, म्हणजे क्रिया घडवणाऱ्या घटकांची, चर्चा करताना उदाहरण घेतलं, ते नेमकं भात शिजवण्याचं. त्याने ‘पच्’ या एका क्रियेचे तुकडे पाडले. भांडं चुलीवर चढवणं, पाणी ओतणं, तांदूळ वैरणं, वेळ झाली की लाकडं ओढून घेणं, हा मुख्य कर्त्याचा पाक. तेवढे तांदूळ आपल्यात सामावून धरणं, हा भांड्याचा पाक. दाणा मऊ होईपर्यंत जळत राहणं, हा लाकडांचा. म्हणून भांडं शिजवतं, लाकडं शिजवतात, असं म्हटलं तरी भाषा हरकत घेत नाही. थोडक्यात, चुलीच्या काळातही भात एकट्या माणसाने शिजवलेला नव्हता. सहकर्ते तेव्हाही होतेच. आपण त्यांना श्रेय देत नव्हतो, इतकंच.

विजेच्या कुकरने माणसाच्या वाट्याचा एक तुकडा मात्र उचलला : लाकडं ओढून घेण्याचा. बुडाखालची कॉइल तापते, आतला दाब पुरेसा झाला की बंद होते, उतरला की पुन्हा सुरू होते. दाबामुळे आतलं पाणी शंभर अंशांवर न थांबता त्याच्या बरंच वर तापतं, आणि दाणा लवकर मऊ होतो. नवखा माणूस फसतो तो इथेच. दहा मिनिटं लावली म्हणजे दहा मिनिटांत भात, असं तो धरून चालतो. पण घड्याळ सुरू होतं ते दाब तयार झाल्यावर. तांदळावर बोटाचं एक पेर पाणी, हे आईकडून आलेलं माप इथे जास्त होतं, कारण वाफ फारशी बाहेर पडत नाही. आणि शिट्टी नाही. प्रेशर कुकर बनवणारी हॉकिन्स कंपनी १९५९ साली सुरू झाली. तेव्हापासूनच्या दोन-तीन पिढ्यांचं स्वयंपाकघरातलं घड्याळ म्हणजे शिट्टी. भाताला तीन, चण्यांना सहा. नव्या कुकरपुढे हे सगळं ज्ञान मुकं होतं. पण ते नाहीसं होत नाही, त्याची जागा बदलते. पूर्वी निर्णय शिजता शिजता घेता येत होते, आता ते सगळे झाकण लावण्याआधी घ्यावे लागतात.

भिवंडी तालुक्यातल्या दिघाशी गावाच्या परिसरात मात्र पाकाची ही वाटणी समजायला महाभाष्य उघडावं लागू नये. हा भाताचा मुलूख. इथे शेतात उभा असतो तोही भात आणि ताटात येतो तोही भात; शब्द एकच. राब भाजणं, चिखलणी, लावणी, हे सारं शेतकऱ्याच्या पाठीवरून गेलेलं असतं. तो ‘भात पिकवला’ म्हणतो तेव्हाही दाण्यात दूध आपण भरलं, असा त्याचा दावा नसतो. ‘पिकणं’ आणि ‘पचणं’ हे दोन्ही शब्द त्याच ‘पच्’च्या कुळातले आहेत. शेतात, भांड्यात आणि पोटात, तिन्ही ठिकाणी पाक होत असतो. माणूस त्याची तयारी करतो, वेळ ओळखतो आणि बिघडलं तर जबाब देतो. माझ्या मते कर्तेपण म्हणतात ते एवढंच, आणि ते कुकरने काढून घेतलेलं नाही.

यावर भिवंडीतूनच एक सणसणीत आक्षेप घेता येईल. यंत्र आलं की कर्ता नोकर होतो, हे यंत्रमागांच्या या शहराइतकं कोणी जवळून पाहिलं असेल? हातमागावरचा माणूस विणतो. यंत्रमागावरचा माग चालवतो, तुटलेला धागा जोडतो, कांडी बदलतो. आक्षेप खरा आहे, पण त्याने माझंच म्हणणं पक्कं होतं. यंत्रमागावरच्या कामगाराचं कर्तेपण गेलं ते केवळ धोटा विजेवर पळू लागला म्हणून नव्हे. कापड कोणतं, किती, कोणासाठी, हे ठरवणं दुसऱ्याच्या हाती गेलं म्हणून. स्वतंत्र तो कर्ता, ही पाणिनीची कसोटी इथे चोख लागू पडते. घरातल्या कुकरपुढे उभा असलेला माणूस आज कोणाला पथ्याचं हवं, कोणाला उशीर होणार आहे, हे स्वतः ठरवतो.

अग्नीचा आक्षेप मला त्यामानाने हलका वाटतो. ज्वाळा दिसत नाही म्हणून अन्न नैवेद्याला चालत नाही, असं म्हणणाऱ्यांनी शिर्डीचं साई प्रसादालय पाहावं. तिथे २००९ साली सूर्याच्या उष्णतेने वाफ करून स्वयंपाक करण्याची यंत्रणा बसली; भांड्याखाली जाळ नाही, आणि लोक ते अन्न प्रसाद म्हणूनच घेतात.

खरा अडसर शिताचा आहे. शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण संस्कृतातल्या स्थालीपुलाकन्यायाची सख्खी बहीण. एक शीत काढायचं, बोटांत दाबायचं, मधे पांढरा कण उरला असेल तर अजून एक वाफ. हे प्रत्यक्ष प्रमाण आहे, आणि झाकणाला कुलूप लागताच ते बंद होतं. उरतो तो पुस्तिकेचा शब्द आणि वर आलेल्या खिट्टीवरून केलेलं अनुमान. भात कच्च्याचा पक्का होताना मधे कसा दिसतो, हे थेट या कुकरवर शिकणाऱ्याला कधीच कळणार नाही. ही हानी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण तिच्या आडून ‘भांड्यापाशी उभं राहण्यातच प्रेम असतं’ असं सांगितलं जातं, तेव्हा ते कोण कोणाला सांगतंय, हे पाहावं. हे अवधान शतकानुशतकं घरातल्या बाईकडूनच वसूल झालं; ताटावर बसून वाट पाहणाऱ्याकडून ते कोणी मागितलं नाही. जो गुण निम्म्या घराला कधीच सक्तीचा नव्हता, तो अन्नाच्या पावित्र्याची अट कसा होईल? शिकणाऱ्याने चार वेळा उघड्या पातेल्यात भात करून शीत दाबून पाहावं आणि मग खुशाल बटण दाबावं.

आणि बटणाला सगळं कळतं, अशा भ्रमात राहू नये. दिवाळीच्या सुमारास नवा तांदूळ घरात येतो. त्याला जुन्याइतकं पाणी घातलं की भात गिच्च होतो. कुकरचं बटण तेच असतं, मिनिटंही तीच. पाणी कमी घालावं लागतं, ते हाताने.