सहीचे उत्तरदायित्व

नळाची तोटी फिरवून पेल्यात पाणी घेणारा माणूस ते पिण्यापूर्वी कोणाला काही विचारीत नाही. पाणी नितळ आहे, त्याला वास येत नाही, एवढे त्याला पुरते. वास्तविक नितळपणा हा शुद्धतेचा पुरावा नव्हे; रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. तरीही तो निःशंकपणे पितो, कारण कोणातरी जाणत्या माणसाने हे पाणी आधीच पारखले असेल, असे त्याने गृहीत धरलेले असते. सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या योजनेला शासनाचे अभियंते जी मान्यता देतात, तिचा खरा अर्थ हाच. ज्याला स्वतः पारख करता येत नाही, त्याच्या वतीने केलेली ती पारख होय. मग प्रश्न असा की, पारख करणाऱ्याचे उत्तरदायित्व सही केल्याच्या क्षणी संपते काय?

पूर्वी गावची विहीर उपसणारे, तिचे पाणी शेंदणारे आणि ते पिणारे लोक बहुधा एकच असत. म्हणून ते पाणी निर्दोष असे, असे आम्ही म्हणत नाही. पटकीने ओस पडलेल्या आळ्या आपल्या पूर्वजांनी पाहिल्या आहेत. परंतु विहिरीच्या काठी काय चालले आहे, हे सर्वांना दिसत असे. नळाने पाणी घरात आले आणि विहीर दृष्टीआड झाली. बघण्याचे काम आपण दुसऱ्यावर सोपविले. हे सोपविणे अपरिहार्य होते; पण त्यामुळे ज्याच्यावर ते सोपविले, त्याच्या सहीला एक नैतिक वजन प्राप्त झाले.

हे वजन किती असते, ते कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतामधील वॉकर्टन या गावाने दाखवून दिले. सुमारे पाच हजार वस्तीचे हे शेतकऱ्यांचे गाव. तेथे १९७८ साली पाच क्रमांकाची विहीर खोदण्यात आली. विहीर उथळ होती आणि तिच्यात जमिनीच्या पृष्ठभागावरचे पाणी झिरपू शकते, अशी चिन्हे आरंभीच्या चाचण्यांतच दिसली होती. जवळच शेती होती. तरीही प्रांताच्या पर्यावरण मंत्रालयाने १९७९ च्या आरंभी तिला मंजुरी दिली. पाण्यावर सतत देखरेख ठेवण्याची कोणतीही अट त्या मंजुरीपत्रात घातली नाही. पुढे एकवीस वर्षे काही घडले नाही. मे २००० मध्ये मुसळधार पाऊस झाला, शेतातल्या शेणखतामधील जंतू विहिरीत उतरले आणि गावातील सात माणसे दगावली. दोन हजार तीनशेहून अधिक लोक आजारी पडले.

न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल २००२ साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना दोष एकाच माणसावर ठेवून मोकळे होता येत नाही. पाणीपुरवठा पाहणारे दोघे भाऊ वर्षानुवर्षे क्लोरीन कमी घालीत आणि नोंदवहीत खोटे आकडे लिहीत. हातात दूषित नमुन्यांचा अहवाल असूनही त्यांतील एकाने आरोग्य अधिकाऱ्यांना पाणी ठीक असल्याचे सांगितले. मंत्रालयाचे तपासनीस १९९१, १९९५ आणि १९९८ साली येऊन गेले. परंतु विहिरीच्या दोषाची माहिती मंत्रालयाच्याच कागदपत्रांत असूनही तिची दखल घेतली गेली नाही. सरकारने १९९६ मध्ये पाणी तपासणारी आपली प्रयोगशाळासेवा बंद केली. दूषित नमुन्याची खबर खासगी प्रयोगशाळेने आरोग्य खात्यास दिलीच पाहिजे, असा कायदा मात्र केला नाही. ज्या शेतातून जंतू आले, त्या शेतकऱ्याला चौकशीने दोषी धरले नाही. त्याने आपले काम रीतसरच केले होते.

या हकिगतीतील एक तपशील आम्हांला विशेष अस्वस्थ करतो. ते दोघे भाऊ स्वतःही विहिरीचे क्लोरीन न घातलेले पाणी पीत असत. ते उत्तम आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती! ‘अधिकाऱ्याला तेच पाणी पाजा, म्हणजे तो नीट काम करील,’ असे आपण सहज बोलून जातो. वॉकर्टनने हा समज खोटा पाडला. नीतिशास्त्रात अज्ञानाचे दोन प्रकार मानले आहेत : जे टाळणे माणसाच्या हाती नव्हते ते, आणि जे थोड्या कष्टाने टाळता आले असते ते. पहिल्याने दोष लागत नाही, दुसऱ्याने लागतो. या दोघांना परवाना मिळाला तो पूर्वानुभवाच्या आधारावर, शिक्षण वा परीक्षा यांवाचून. म्हणजे विहिरीप्रमाणे माणसांनाही न पारखताच मान्यता मिळाली होती. त्यांचे अज्ञान टाळता येण्यासारखे होते आणि ते टाळण्याचे कर्तव्य त्यांच्या एकट्याचे नव्हते.

आता १९७९ सालच्या त्या सहीकडे वळू. त्या काळी अशा अटी घालण्याचा प्रघात नव्हता; म्हणून सही करणाऱ्याला आजच्या मापाने मोजणे अन्यायाचे होईल. परंतु १९९४ मध्ये नियम बदलला. पृष्ठभागाच्या पाण्याचा थेट परिणाम होणाऱ्या विहिरींवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रे असावीत, असे ठरले. तेव्हा जुनी मंजुरीपत्रे पुन्हा उघडून पाहण्याची व्यवस्था कोणी केली नाही. ती यंत्रे पाच क्रमांकाच्या विहिरीवर असती, तर हा अनर्थ टळला असता, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. १९७९ ची सही त्या दिवसापुरती कदाचित क्षम्य असेल. पुढची एकवीस वर्षे ती तशीच राहू देणे क्षम्य नव्हते.

यावर कोणी म्हणेल, ज्याच्या मेजावरून शेकडो प्रकरणे जातात, त्या अभियंत्याने आयुष्यभर प्रत्येक विहिरीची चिंता वाहावी काय? आक्षेप रास्त आहे. माणूस बदली होतो, निवृत्त होतो, मरतो. परंतु विहीर बदली होत नाही. म्हणून उत्तरदायित्व माणसाबरोबर निघून न जाता त्या पदावर राहिले पाहिजे आणि पदावर येणाऱ्या प्रत्येकाने ते पूर्णपणे स्वीकारले पाहिजे. कर्ज दहा भावांत वाटले की प्रत्येकाचा वाटा कमी होतो. प्राणरक्षणाचे कर्तव्य दहा जणांत वाटल्याने प्रत्येकाचा वाटा कमी होत नाही. वॉकर्टनमध्ये प्रत्येकाने ते कर्जासारखे वाटून घेतले. दुसरा पाहीलच, अशा भरवशावर कोणीच पाहिले नाही.

ऑन्टॅरिओने २००२ साली सुरक्षित पेयजलाचा नवा कायदा केला. त्यानुसार नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याचा परवाना ठराविक मुदतीने नव्याने घ्यावा लागतो. नगरपालिकेच्या यंत्रणेवर देखरेख करणाऱ्या लोकप्रतिनिधींवरही दक्षतेचे वैयक्तिक कर्तव्य कायद्याने घातले आहे. मंजुरी हा एकदा घडून गेलेला प्रसंग नसून दिलेला शब्द आहे आणि तो पुनःपुन्हा पाळावा लागतो, ही जाण त्यामागे आहे. ती यावी म्हणून सात जीव जावे लागले, हे दुःख मात्र उरतेच.

आपल्याकडेही नळपाणी योजनेला प्रशासकीय आणि तांत्रिक अशा दोन्ही मान्यता लागतात. योजना मंजूर झाली की गावात आनंद होतो, फलक लागतो, नारळ फुटतो. त्या आनंदाला आमची हरकत नाही. मात्र ग्रामसभेत एक प्रश्न अवश्य विचारला जावा : पाच वर्षांनी, दहा वर्षांनी ही विहीर पुन्हा कोण पाहणार आहे आणि त्याने काय पाहिले, हे आम्हांला कोण सांगणार आहे? असे विचारणे म्हणजे अधिकाऱ्यावर अविश्वास दाखविणे नव्हे. आपण पाहण्याचे काम सोपविले आहे. विचारण्याचे काम कोणावरही सोपविलेले नाही.