न जाणवलेली वेदना

वेदना जाणवलीच नाही, तर ती झाली असे म्हणता येईल काय, हा प्रश्न सुषुप्तीच्या, म्हणजे स्वप्नरहित गाढ झोपेच्या विवेचनात भारतीय दर्शनांपुढे उभा राहतो. न्यायमतानुसार दुःख हा आत्म्याचा गुण असून प्रतिकूल म्हणून अनुभवास येणे हेच त्याचे लक्षण होय; सुषुप्तीत मन पुरीतत् नावाच्या नाडीत शिरते, त्याचा त्वगिंद्रियाशी असलेला संयोग तुटतो, ज्ञान उत्पन्न होत नाही, आणि जेथे ज्ञान नाही तेथे दुःखही नाही.

जांघेतील हर्नियाच्या शस्त्रक्रियेत या मताची कसोटी लागते. पूर्ण भूल देताना रुग्णाला अनेकदा सेव्होफ्लुरेन किंवा डेस्फ्लुरेन हे वायू श्वासावाटे दिले जातात, आणि त्यांची ताकद ‘मॅक’ या मापाने मोजतात. फुप्फुसांतील वायुकोशांत वायूचे जे प्रमाण असताना त्वचेला छेद दिल्यावर निम्मे रुग्ण हालचाल करीत नाहीत, ते प्रमाण म्हणजे मॅक. सेव्होफ्लुरेनसाठी ते सुमारे २ टक्के, तर डेस्फ्लुरेनसाठी सुमारे ६ टक्के असते. हे माप हालचालीचे आहे, वेदनेचे नव्हे, आणि ती हालचाल थांबते तीही मुख्यतः मज्जारज्जूवरील परिणामामुळे. शुद्ध हरपलेली असली तरी छेदलेल्या त्वचेतून आणि जाळी बसवताना ताणल्या गेलेल्या ऊतींतून इजेचे संदेश मज्जारज्जूकडे जातच राहतात. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये मोठ्या मेंदूशी संबंध तोडलेल्या उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, इजेनंतर मज्जारज्जू स्वतःच अधिक संवेदनशील होतो.

येथे न्यायमताची अडचण होते, कारण त्या मताप्रमाणे स्मृतीला कारण होणारा संस्कार अनुभवातूनच निर्माण होतो, आणि येथे मात्र अनुभवावाचून शरीरात खूण उमटते व जागे झाल्यावर तीच वेदना वाढवते. वायूची निवड या बाबतीत फारशी कामी येत नाही: डेस्फ्लुरेन लवकर उतरते, त्यामुळे जाग लवकर येते आणि तिच्याबरोबर वेदनेची जाणीवही; नायट्रस ऑक्साइडला स्वतःचा वेदनाशामक गुण आहे, परंतु तो वायू बंद केल्यावर काही मिनिटांतच ओसरतो. दिलासा मिळतो तो जखमेच्या जागी टोचलेल्या ब्युपिव्हाकेनसारख्या बधिर करणाऱ्या औषधाने आणि वेळेवर दिलेल्या वेदनाशामकांनी.

म्हणून बेशुद्ध रुग्णाला दुःख होत नाही हे न्यायमत मान्य केले, तरी वैद्याचे कर्तव्य तेथे संपत नाही; ते जाणिवेशी नव्हे, तर इजेशी बांधलेले असते, आणि इजा पहिल्या छेदापासूनच सुरू झालेली असते.