अर्घ्य आणि अस्थी

सेलू तालुक्यातील वालूर गावी उगवत्या सूर्याला तांब्याने अर्घ्य देणारा एखादा भाविक जर असे मानीत असेल की या उपासनेनेच देहातील ‘ड’ जीवनसत्त्वाचीही तजवीज होते, तर त्याच्या श्रद्धेस पूर्ण मान देऊनही हे अनुमान मला नाकारावे लागते. कारण त्वचेत ते जीवनसत्त्व घडविणारे अतिनील किरण, तिरप्या प्रभातप्रकाशात वातावरणाचा दीर्घ थर ओलांडताना, बहुतांशी शोषले जातात.

मग अर्घ्य व्यर्थ काय? मुळीच नव्हे. कृतज्ञतेला मोबदल्याची अट घालणे हाच मला अधर्म वाटतो. परंतु ज्याला आपण वंदन करतो त्याचे दान अंगणापर्यंत येऊनही माजघरात दिवस कंठणाऱ्या सुनेस वा अंथरुणास खिळलेल्या वृद्धेस लाभू नये, त्यांची हाडे दुबळी व्हावीत, लेकरास मुडदूस जडावा, ही उपेक्षा कोणत्या पूजेने फिटणार? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 साली सुचविलेली ‘ड’ जीवनसत्त्वाची 600 आंतरराष्ट्रीय एककांची दैनिक मात्रा आपल्या नित्याच्या भाजी-भाकरीतून मिळत नाही. म्हणून ऊन चढल्यावर, कातडी भाजू न देता, हातपाय उघडे ठेवून त्यांना थोडा वेळ अंगणात बसवावे. गोळ्या मात्र वैद्याच्या सल्ल्यानेच द्याव्यात, कारण अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास अपाय होतो.